नेर ते वणी, एकवीस पावलं

आमच्या नेरच्या घरामागे विटांचं अंगण आहे. वडील तहसील कचेरीत कारकून होते. घर बांधून उरलेल्या विटा त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने मांडल्या, आणि खाली मुरूम न टाकता थेट काळ्या मातीवर मांडल्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि हात जाईल अशा भेगा पाडते. ज्याचं वावर आहे, शेती आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. वडिलांचं वावर नव्हतं. त्यामुळे पन्नासेक वर्षांत ते अंगण एका जागी कधी राहिलंच नाही. मधोमध बशीसारखा खळगा पडला. पावसाचं पाणी तिथे दोन-दोन दिवस साचून राहायचं. त्याच्या पुढे कडुनिंबाच्या मुळाने विटांची एक अख्खी रांग वर उचलली. आणि त्याच्याही पलीकडे विहीर, तिला काळ्या दगडांचा रुंद काठ. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, मोटर आहे, पण काठ जुनाच.

हे अंगण माझ्या बहिणीला जसं माहीत होतं तसं दुसऱ्या कोणाला नव्हतं. ती जाऊन आता पाच महिने झाले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सरकारी नोकरीत नर्स होती. लग्न केलं नाही. पहिली नेमणूक नेरलाच, मग यवतमाळ, मग कळंब, आणि शेवटची अठरा वर्षं वणी. निवृत्त होऊन घरी आली तेव्हा माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं. मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, रोज एसटीने जाऊन-येऊन. दोघं भावंडं पुन्हा आईवडिलांच्या घरात राहू लागलो. स्वयंपाकघर तिचं, पुस्तकांची खोली माझी. पुढे मीही निवृत्त झालो आणि त्याच सुमारास तिला काचबिंदू असल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळू. उरलेलीही चार वर्षांत गेली.

घरात ती भिंतीला हात लावून चालायची. अंगणात भिंत नव्हती. तिथे ती अनवाणी चालायची, आणि पायांना रस्ता ठाऊक होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून विहिरीच्या काठापर्यंत एकवीस पावलं. रोज सकाळी एका हातात चहाचा पेला घेऊन ती निघायची आणि काठावरच्या एका रुंद दगडावर जाऊन बसायची. अंगणात पहिलं ऊन त्या दगडावर येतं.

त्या एकवीस पावलांचा तिने जिल्हा करून टाकला होता. उंबरा म्हणजे नेर. खळगा म्हणजे यवतमाळ. मुळाने उचललेली रांग म्हणजे कळंब; तिथे पाऊल चढलं की ती रिकामा हात कपाळाला लावायची, तिथल्या चिंतामणी गणपतीसाठी. आणि विहिरीचा काळा दगड म्हणजे वणी.

मी खोलीतून विचारायचो, “ताई, कुठवर आली गाडी?”

“यवतमाळ स्टँडवर उभी आहे. ड्रायव्हर चहा पिऊन राह्यला.” आणि खरंच खळग्यात उभी राहून ती एक घोट घ्यायची.

काठी तिने घरात घेतली, बाजारात घेतली, अंगणात कधी घेतली नाही. “इथं मला कोणाची गरज नाही,” ती म्हणायची. दिवसभरात हे वाक्य तिला एवढ्या एका ठिकाणीच म्हणता येत होतं. मी ते रोज ऐकत होतो.

गेल्या वर्षी माघात विहिरीच्या काठाचा एक दगड हलू लागला. नेमका तिच्या बसायच्या दगडाला लागून. ती उठताना त्याच्यावर हात टेकायची. एकदा तो डुगडुगला आणि ती कशीबशी सावरली. मी घाबरलो. त्याच महिन्यात तिला अमरावतीला न्यायचं होतं. डोळ्यातला दाब वाढून फार ठणकायचं, त्यासाठी छोटं ऑपरेशन होतं. आमची आतेबहीण तिथे राहते. तीन आठवडे तिच्याकडे ठेवायचं ठरलं. तिला सोडून मी नेरला परत आलो आणि गवंड्याला बोलावलं.

गवंडी साठीच्या घरातला, कामाला चोख म्हणून गावात मानला जाणारा. त्याची बायको त्याच्याबरोबर कामाला असते. त्याने काठ पाहिला, मग मागे वळून अंगण पाहिलं.

“सर, नुसता काठ बसवून देऊ का आंगनबी धरू?”

ताई पडली तर काय, हा विचार डोक्यात होता. म्हणालो, “सगळंच करा. सपाट करा.”

“बरं केलं बोलले. मी पाह्यलं तवा मले वाटलं, हे आंगन आहे का नांगरलेलं वावर!”

आठ दिवस काम चाललं. त्यांनी विटा उचलल्या, हातभर काळी माती खणून बाहेर काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकून ठोकून बसवला. कडुनिंबाचं मूळ कुऱ्हाडीने तोडलं. पाणी भरलेली नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून गवंड्याने पातळी काढली आणि दोऱ्या ताणल्या. काठाचे दगड सुटे करून, टाकीने कडा घडवून पुन्हा बसवले, दरजा सिमेंटने भरल्या.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गवंड्याची बायको विटा घासून ढीग लावत होती. तिने मला हाक मारली.

“सर, ह्या विटा पाहा बरं. मधातल्या एका पट्ट्यातल्याच अशा गुळगुळीत झाल्या. इथून कोनी रोज जाते का?”

“माझी बहीण जाते,” मी म्हणालो आणि आत जाऊन पुन्हा वाचायला बसलो. काय वाचत होतो ते आता आठवत नाही.

गवंडी तिला म्हणाला, “घासलेलं अंग खाली कर, कोरं वर. नवी दिसते.” तिने तसं केलं.

काम संपल्यावर मी उंबऱ्यात उभा राहून बादलीभर पाणी ओतलं. ते कुठे न थांबता कोपऱ्यातल्या मोरीकडे गेलं. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी ताईसाठी हाताने काही केलं असेल तर ते हेच, असं वाटलं. तिला फोनवर काही सांगितलं नाही. आल्यावर कळेल म्हटलं.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा पेला घेतला आणि उंबरा ओलांडला. मी मागे उभा होतो. पाच-सहा पावलं ती नेहमीसारखी गेली. मग वेग कमी झाला. आणखी दोन पावलं. मग थांबली. एक पाय पुढे सरकवून तिने जमीन चाचपली, मग उजवीकडे, मग डावीकडे. पेल्यातला चहा हिंदकळून हातावर सांडला.

“बाबू,” ती म्हणाली, “मी कुठे आहे रे?”

“अंगणातच आहेस, ताई. सपाट करून घेतलं सगळं. काठही पक्का केला. आता पडायची भीती नाही.”

तिने वाकून हाताने वीट पाहिली.

“छान झालं,” ती म्हणाली. “खूप काम केलंस.”

मी तिचा हात धरून तिला विहिरीपर्यंत नेलं. तिने तो धरू दिला. त्याआधी अंगणात तिने माझा हात कधी धरला नव्हता.

त्यानंतर ती उंबऱ्यातच बसून चहा घेऊ लागली. मी विचारलं की म्हणायची, गुडघा दुखतो. मी म्हणायचो, चल, मी नेतो. ती म्हणायची, तू वाच. मी गाडी कुठवर आली हे विचारणं बंद केलं, कारण गाडी निघतच नव्हती. तरी मी स्वतःला सांगत होतो, नवीन आहे, होईल सवय. पावलं तेवढीच आहेत, मोजून जाता येईल. पण मोजून चाललं तरी दिशा कोण सांगणार? डोळे मिटून सरळ चालणारा माणूस कधीच सरळ जात नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला त्या पहिल्या सकाळीच कळलं होतं.

चैत्र संपत आला तेव्हा एक दिवस मला लवकर जाग आली. उजाडलं होतं. ताई खोलीत नव्हती, स्वयंपाकघरात नव्हती, उंबऱ्यात नव्हती. अंगणात पाहिलं तर मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात, सपाट विटांवर, ती मांडी घालून बसलेली. विहिरीकडे पाठ. पेला शेजारी ठेवलेला. चहावर साय धरली होती.

“किती वेळची बसलीस?”

“असेल थोडा वेळ.”

“हाक का नाही मारलीस?”

“तुझी झोपमोड काहून करायची? उठशीलच म्हटलं.” मग हसून म्हणाली, “गाडी चुकली रे. कोणत्या गावाला आणलं, काही समजत नाही.”

मी तिच्याजवळ बसलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची तसा.

त्याच दिवशी मी पुन्हा गवंड्याकडे गेलो. म्हटलं, अंगण उकलायचं आहे आणि होतं तसं करायचं आहे. खळगा हवा, उंचवटा हवा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“सर, चाळीस वर्सं झाले मले ह्या धंद्यात. वाकडं झालं, सरळ कर, असं म्हननारे लय भेटले. सरळ झालं, वाकडं कर म्हननारे तुमी पह्यले.”

“करता का?”

“गावातले लोक पाह्यतीन तर काय म्हनतीन? म्हाताऱ्या गवंड्याची नजर गेली म्हनतीन.”

तरी तो आला. ताई उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसली होती. त्याने तेच रडगाणं तिच्यासमोर पुन्हा गायलं. ती म्हणाली, “नजर तर माझी गेली. तुमची शाबूत आहे ना? मग लागा कामाला.”

“सिस्टरबाईचा हुकूम झाला म्हनल्यावर कोन नाही म्हनते,” तो म्हणाला आणि पहिली वीट उचकली.

पण होतं तसं म्हणजे कसं? गवंड्याने मला विचारलं, खळगा कुठून सुरू व्हायचा? मी या घरात वाढलो. ते अंगण मी अर्धं शतक पाहत होतो. मी म्हणालो, आठव्या पावलापासून. ताई म्हणाली, सहाव्या. खोल किती? मी म्हणालो, वीतभर. ती म्हणाली, चार बोटं, आणि डावीकडून उतरता. उंचवट्याला मुळाची गोलाई होती, तीही एका अंगाला जास्त. मूळ तर तोडून जाळलेलं होतं. गवंड्याने मुरमाचा बांध घालून त्याच्यावर विटा बसवल्या. त्याची बायको ढीग उपसून गुळगुळीत विटा शोधत होती. तीसेक सापडल्या. बाकीच्या कडेला तोडून लावलेल्या होत्या. सापडलेल्यांतली कोणती आधी आणि कोणती नंतर होती हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. तिने त्या आपल्या अंदाजाने एका पट्ट्यात लावल्या, घासलेलं अंग वर करून.

संध्याकाळी ताई चालून बघायची. गवंडी एका बाजूला, मी दुसऱ्या. ती खळग्यात पाय टाकायची आणि मान हलवायची. “हे यवतमाळ नाही. हे फार उभं आहे.” दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उकलायचं. गवंड्याला आधी राग यायचा, मग त्याला त्यात चव आली. तो तिला विचारू लागला, “बाई, आता पाहा. टाचेले लागते का बोटाले?” एकदा त्याने स्वतः चपला काढून, डोळे मिटून चालून पाहिलं आणि बादलीला अडखळला. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. “ह्यायले कळंब नाही सापडत, वणी काय सापडन!” ताईसुद्धा हसली. त्या चार दिवसांत ती जितकी हसली तितकी त्याआधीच्या दोन महिन्यांत हसली नव्हती.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. तिचे पाय सुजले होते. साखरेचा त्रास तिला जुनाच होता, त्यात दोन महिने बसून काढलेले. मी विचारलं तर म्हणाली, “पायात मोजे घातल्यासारखं वाटतं. होईल कमी.” ती नर्स होती. पायाची जाण गेली की ती परत येत नाही हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. म्हणजे अंगण हुबेहूब झालं असतं तरी ते वाचणारे पाय राहिले नव्हते. मी अंगण मुळात मोडलं नसतं तर ती रोज चालत राहिली असती, आणि पाय हळूहळू गेले असते तरी सवयीने रस्ता सापडत गेला असता. कदाचित. याचा हिशेब मला आजही लागत नाही.

पाचव्या संध्याकाळी गवंड्याने पट्टा पुन्हा नीट करून, सांध्यांत बारीक रेती झाडून, हात धुतले. “बाई, या. आता तुमी अन् तुमचं आंगन.”

ताई उंबऱ्यातून निघाली. हात मोकळे. सहाव्या पावलाला खळगा लागला. ती थांबली. “यवतमाळ,” म्हणाली. गवंड्याचा चेहरा फुलला. ती पुढे निघाली, सावकाश. मी तिच्या मागे दोन हातांवर होतो आणि तिच्या पायांकडे बघत होतो. उंचवटा अजून एक पाऊल पुढे होता. तिने हात उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “आलं कळंब. बरोबर आहे. आता काही करू नका.” त्यानंतर तिचं पाऊल उंचवट्याला ठेचलं. ती किंचित कललीही, पण लगेच सावरून तशीच चढली, जसं काही ते तिला अपेक्षितच होतं.

गवंडी म्हणाला, “वा! वा, सिस्टरबाई!” तिने त्याला आणि त्याच्या बायकोला हात जोडून नमस्कार केला. ती दोघं अवजारं गोळा करून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा पेला घेतला आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “बाबू, येतोस का जरा? एकटीने जायचा कंटाळा येतो.” मी माझा हात पुढे केला. त्यानंतर रोज आम्ही दोघं जात होतो. पावसाळाभर, दसरा-दिवाळीत, पुढे थंडी पडेपर्यंत. तिचा हात माझ्या कोपराला. खळगा आला की मीच म्हणायचो, यवतमाळ. ती म्हणायची, “हो का? लवकर आलं.” ती खोटं बोलली होती हे मला कळलंय, हे तिला कळलं होतं का? आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. सूज पायांवरून वर चढली. ती किडनीची होती. मार्गशीर्षात, यवतमाळच्या दवाखान्यात, ताई गेली.

तेरवीनंतर चार-पाच दिवसांनी गवंडी भेटायला आला. एकटाच. मागच्या दाराच्या पायरीवर बसला. चहा घेतला. बराच वेळ अंगणाकडे बघत होता. तेरवीला आलेल्या नात्यातल्या एक-दोन बायका त्या उंचवट्याला ठेचाळल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं.

“सर, एक सांगू का? त्या दिवशी बाईनं कपाळाले हात लावला ना, तवा पाय चढलाच नव्हता.”

“मी पाहिलं होतं.”

“तुमीबी?” तो माझ्याकडे वळला. “मंग बोलले काहून नाही?”

“तुम्ही का नाही बोललात?”

त्याने तळहात एकमेकांवर घासले. “बाई थकल्या होत्या. अन् खरं सांगू, मीबी थकलो होतो. आनखी चार दिवस केलं असतं तरी बसलं नसतं ते. तोडलेलं मूळ काय मुरमानं बनते?”

त्याने पेला खाली ठेवला. मी त्याला म्हणालो, हे अंगण पुन्हा सपाट करून टाका. हे तिचं नाही. तिचं मी माघातच उकलून टाकलं होतं. हे आपण चौघांनी केलेलं काहीतरी आहे, त्यात कोणी पडेल.

“करून देईन. पन आता नाही. घरात मानूस गेलं म्हनल्यावर वर्स होईपर्यंत कुदळ लावत नाही.”

“मी हे मानत नाही.”

“तुमी नसान मानत. बाई मानत होत्या का?”

लहानपणाची वर्षं आणि म्हातारपणाची वर्षं मी तिच्याबरोबर एका घरात काढली. ती काय वाचून घ्यायची, भाजीत मीठ किती घालायची, कोणत्या गावाला कोणता उंचवटा म्हणायची, हे मी सांगू शकलो असतो. ती हे मानत होती की नाही, हे मला माहीत नव्हतं. कधी तिला विचारलंच नव्हतं.

गवंडी उठला, चपला घातल्या.

“राहू द्या, सर,” तो म्हणाला. “मी वर्सानं येतो. तवा पाहू.”